मागचे ड्रम काढण्याआधी

‘चारही डिस्क बसवा, गाडी जागच्या जागी उभी राहील,’ असं सांगून मागचे ड्रम काढायला लावणाऱ्यांबद्दल माझा राग अजून गेलेला नाही. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो. छोट्या गाडीत थांबवण्याचं बहुतेक काम पुढची चाकं करतात, मागची हलकी पडतात. त्या हलक्या चाकांवर जोर वाढवला तर ती आधी लॉक होतात. पुढची चाकं लॉक झाली तर गाडी सरळ घसरत जाते. मागची झाली तर गाडीच फिरते. कंपनीने पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल जपलेला असतो तो यासाठीच, आणि डिस्कचं किट विकणारा नेमका त्याबद्दल गप्प राहतो.

ड्रममध्ये पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन आपोआप घट्ट आवळतो, म्हणून कमी दाबात काम भागतं. डिस्कला ही मदत नाही. तिला दाब जास्त लागतो, आणि कॅलिपरचा पिस्टन मोठा असल्याने ब्रेक ऑइलही जास्त लागतं. मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला तर पेडल खोल जातं. कॅलिपर लहान निवडला तर मागचा ब्रेक पूर्वीपेक्षाही कमजोर होतो. हँडब्रेकची गत याहून वाईट. ड्रममध्ये तो आयता असतो; डिस्कला त्यासाठी तरफ असलेला कॅलिपर किंवा आत वेगळा छोटा ड्रम हवा. भंगारातून उचललेल्या कॅलिपरवर चढावर गाडी उभी करणं म्हणजे मागच्या गाडीवाल्याच्या जिवाशी खेळ.

महागड्या गाड्यांना चारही डिस्क असतात, हे खरं. पण तिथे मास्टर सिलिंडरपासून एबीएसपर्यंत सगळं त्या हिशेबाने बनवलेलं असतं. उलट फोक्सवॅगनने आयडी.४ या विजेवरच्या गाडीला मागे ड्रमच दिले. एबीएस सांभाळून घेईल, हा युक्तिवादही लंगडा आहे: हब बदलताना सेन्सरची रिंग जुळली नाही तर एबीएसच बंद पडतं. घाटात ब्रेक तापतात म्हणावं, तर आधी तापतात ते पुढचे, आणि त्यावर उपाय खालचा गिअर. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदलाला मनाई करतं. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. अपघातानंतर विमा कंपनीने हरकत घेतली, तर किटवाला तुमच्या बाजूने उभा राहणार नाही.

तेच पैसे चांगल्या टायरवर आणि पुढच्या पॅडवर घाला. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, ते साधारण दोन वर्षांनी बदला. ड्रम उघडून लायनर आणि व्हील सिलिंडरची गळती पाहा. ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासापेक्षा तो जास्त झिजला असेल तर नवा घ्या. तरीही डिस्कच हवी असेल, तर मास्टर सिलिंडर कोणता, पिस्टनचा व्यास किती, हँडब्रेक कसा, हे किटवाल्याकडून बिलावर लिहून मागा. लिहून देत नसेल, तर गाडी त्याच्या हातात देऊ नका.