पेपर झाल्यावर अभ्यास केला तर?

पेपर देऊन आल्यावर अभ्यास केला आणि त्याचा फायदा आधीच दिलेल्या पेपरात झाला तर? हसू नका, यावर खरोखर प्रयोग झालेत!

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांनी २०११ मध्ये असे नऊ प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतला शेवटचा पाहू. ५० जणांना ४८ शब्द दाखवले आणि लगेच 'आठवतील तेवढे लिहा' म्हणून सांगितलं. त्यानंतर संगणकाने त्यांतले २४ शब्द कसेही निवडले आणि तेवढ्यांचाच सराव करून घेतला. गंमत म्हणजे, ज्यांचा सराव नंतर होणार होता, तेच शब्द आधी थोडे जास्त आठवले होते!

२०१२ मध्ये रिची, वाइजमन आणि फ्रेंच या तिघांनी हाच प्रयोग आपापल्याकडे, प्रत्येकी ५० जणांवर केला. फरक दिसलाच नाही.

मग आधी दिसला कसा? एक शक्यता गणितात आहे. खरा परिणाम नसतानाही योगायोगाने 'यश' दिसण्याची शक्यता ५ टक्के धरतात. पण पाच स्वतंत्र चाचण्या केल्या, तर निदान एकदा तरी फसण्याची शक्यता सुमारे २३ टक्के होते (१ मधून ०.९५ चा पाचवा घात वजा करून पाहा).

म्हणून काय मोजायचं ते आधी लिहून ठेवावं आणि प्रयोग दुसऱ्यालाही करू द्यावा. प्रॅक्टिकलला नको असलेली रीडिंग्ज खोडताना हे आठवा. आणि हो, अभ्यास पेपरच्या आधीच करा!