जतन केलेला संदर्भ आपोआप का सुधारत नाही?

प्रश्न : मी पीएचडी करते आहे. सुरुवातीला झोटेरो या संदर्भ-सॉफ्टवेअरमध्ये जमवलेले काही लेख तेव्हा प्रीप्रिंट (समीक्षणाआधीच्या प्रती) होते, काहींवर नुसतं ‘ऑनलाइन फर्स्ट’ लिहिलेलं होतं. आता ते रीतसर छापून आले आहेत, पण माझ्या संदर्भसूचीत जुनंच वर्ष येतं आणि खंड, अंक, पृष्ठक्रमांक गायब. सॉफ्टवेअर सतत इंटरनेटला जोडलेलं असताना ते स्वतःहून अपडेट का होत नाही? जुन्या नोंदी उडवून पुन्हा घेतल्या तर चालेल का?

उत्तर : उडवू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल, पण डिलीटच्या बटणावरचं बोट आधी उचला.

कारण असं की, तुमच्या वर्ड फाइलमधला ‘(अमुक, 2021)’ हा कंस लेखाच्या नावाला बांधलेला नसतो, तर झोटेरोतल्या त्या विशिष्ट नोंदीच्या अंतर्गत क्रमांकाला बांधलेला असतो. नोंद उडवून तोच लेख पुन्हा घेतला की तुमच्या डोळ्यांना तो तोच दिसतो, पण प्रबंधातला कंस जुन्या, आता अस्तित्वात नसलेल्या नोंदीकडेच बघत राहतो. फाइलमध्ये साठलेली जुनी माहिती तो छापत राहतो आणि नवीन नोंदीत कितीही दुरुस्त्या केल्या तरी त्या तिथे पोहोचत नाहीत. वर, पुढच्या प्रकरणात नवी नोंद वापरलीत तर संदर्भसूचीत एकच लेख दोनदा येतो. परीक्षकांना असलं बरोबर दिसतं.

आता ‘आपोआप का नाही’. लेख जतन करताना झोटेरो त्या क्षणाची माहिती उतरवून घेतो. तलाठ्याकडून सातबाऱ्याची नक्कल आणली, नंतर फेरफार झाला, तर घरातल्या नकलेत काही बदलत नाही; तसंच हे. आणि माझ्या मते ते बरंच आहे, कारण ताजी माहिती येणार ती प्रकाशकांकडूनच. प्रकाशकांनी 2000 साली क्रॉसरेफ नावाची संस्था उभी केली. आज कोट्यवधी लेखांचे डीओआय (कायमचे ओळखक्रमांक) आणि त्यांची माहिती तिथे नोंदलेली असते. ही माहिती प्रकाशकच भरतात, आणि ती नेहमी सोवळी नसते. कुठे शीर्षक सगळं मोठ्या अक्षरांत, कुठे लेखकाची नुसती आद्याक्षरं. आपली तीन भागांची नावं तर हमखास गोंधळ घालतात. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे या नावात आडनावाच्या चौकटीत ‘काशिनाथ राजवाडे’ किंवा चक्क ‘विश्वनाथ’ येऊन बसू शकतं. तुम्ही ते हाताने नीट केलेलं असणार. रोज रात्री सॉफ्टवेअर ‘अद्ययावत’ करू लागलं, तर सकाळी राजवाडे पुन्हा ‘व’च्या रांगेत.

तुमच्या नोंदी दोन प्रकारच्या आहेत, आणि उपायही निराळे. ‘ऑनलाइन फर्स्ट’वाल्या लेखांचा डीओआय छापून आल्यावरही तोच राहतो. त्यावर क्लिक करून प्रकाशकाचं पान उघडा आणि वर्ष, खंड, अंक, पृष्ठं जुन्या नोंदीतच टाइप करा. फार तर दोन मिनिटांचं काम. अंक किंवा पृष्ठं सापडलीच नाहीत तर शोधत बसू नका. फक्त ऑनलाइन निघणारी कित्येक नियतकालिकं पृष्ठांऐवजी लेखक्रमांक देतात.

प्रीप्रिंटचं प्रकरण अवघड. छापील लेखाचा डीओआय वेगळा असतो. अर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावरच्या प्रीप्रिंटचा डीओआय 10.48550 ने सुरू होतो, आणि नियतकालिकातला लेख प्रकाशकाचा आकडा घेऊन येतो. बायोअर्काइव्हच्या (bioRxiv) पानावर बहुधा छापील लेखाचा दुवा दिलेला असतो. तो नवा डीओआय घ्या, झोटेरोच्या पट्टीवरच्या जादूच्या कांडीवर क्लिक करून पेस्ट करा. नवी नोंद तयार होईल. मग जुन्या नोंदीचा प्रकार ‘प्रीप्रिंट’वरून ‘जर्नल आर्टिकल’ करा, कारण वेगवेगळ्या प्रकारच्या नोंदी एकत्र होत नाहीत. दोन्ही निवडून राइट-क्लिक, ‘मर्ज आयटम्स’. उजवीकडे कोणती नोंद मुख्य धरायची ते विचारलं जाईल, नवी धरा. तुमची टिपणं, पीडीएफ, टॅग सगळं तिच्यात येतं, जुनी ट्रॅशमध्ये जाते, आणि मुख्य म्हणजे प्रबंधातले कंस तुटत नाहीत. मर्ज करताना झोटेरो जुन्या नोंदीची ओळख नव्या नोंदीत लिहून ठेवतो. उडवणं आणि मर्ज करणं यांत फरक आहे तो एवढाच.

मात्र इथे थांबून लेख पुन्हा वाचा. प्रीप्रिंट ते छापील लेख या प्रवासात समीक्षकांनी आकडे बदलायला लावलेले असतात, कधी निष्कर्षही मवाळ होतो. प्रबंधात तुम्ही प्रीप्रिंटमधला आकडा दिला असेल आणि वर्ष छापील लेखाचं, तर तो संदर्भ खोटा ठरतो. आकडा जुळत नसेल तर मजकूर बदला, नाहीतर प्रीप्रिंटचाच संदर्भ राहू द्या.

झोटेरोऐवजी एंडनोट हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना ‘फाइंड रेफरन्स अपडेट्स’ ही सोय आहे. ती जुनी आणि नवी माहिती शेजारी-शेजारी मांडते. तिथे ‘अपडेट ऑल फील्ड्स’ न तपासता दाबलंत, तर वर सांगितलेली राजवाड्यांची गत होते.

एक बातमी मात्र झोटेरो स्वतःहून आणतो. 2019 पासून तो तुमची लायब्ररी मागे घेतलेल्या लेखांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या माहितीसाठ्याशी ताडून पाहतो. लेख मागे घेतला गेला असेल तर नोंदीवर लाल पट्टी येते, आणि संदर्भ देऊ लागलात तर इशाराही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा ‘लॅन्सेट’मधला गाजलेला लेख 22 मे 2020 ला आला आणि 4 जून 2020 ला मागे घेतला गेला. मधल्या तेरा दिवसांत ज्यांनी तो जतन केला, त्यांच्या नोंदीत तसं पाहिलं तर काहीच चुकलेलं नव्हतं.

सगळी लायब्ररी सुधारत बसू नका. प्रबंधात वापरलेलेच लेख पुरेत. आधी झोटेरोचा डेटा फोल्डर कॉपी करून ठेवा, नोंदी सुधारा, मग वर्डमध्ये झोटेरोच्या टॅबवर जाऊन ‘रिफ्रेश’ करा. संदर्भसूचीत थेट वर्डमध्ये काही खोडलं-लिहिलं असेल तर ते या रिफ्रेशला पुसलं जातं, म्हणून दुरुस्ती नेहमी झोटेरोतच. आणि ‘अनलिंक सायटेशन्स’ हे बटण सबमिशनच्या दिवसापर्यंत विसरा. ते दाबलं की कंस साधा मजकूर होतो आणि कोणतीही सुधारणा त्यात उतरत नाही. विद्यापीठाने तशी फाइल मागितलीच, तर फाइलची वेगळी प्रत काढून त्या प्रतीवरच ते वापरा.