अडल्या चाकाची सेवा



सेवा म्हटली की ठराविक चित्रे आपल्या डोळ्यांसमोर येतात. वाटेवर पाणी पाजणे, पंगत वाढणे, थकल्या वारकऱ्याचे पाय चेपणे. आषाढीच्या वाटेवर तुटक्या चपला फुकट शिवून देणारे असतात, दाढी करून देणारे असतात, औषधांची पेटी घेऊन बसणारे असतात. ही सारी पायांनी चालणाऱ्यांची सेवा झाली. परंतु त्याच वाटेने चाकावर चालणारा जीवही जात असतो. त्याच्या चाकात काटा रुतला म्हणजे तो रस्त्याच्या कडेला उभा राहतो आणि आपण 'गेला असेल पंक्चर' असे म्हणून पुढे निघतो. या अडलेल्या माणसाची सेवा कशी करावी, याचा हा पाठ आहे.

हा अडलेला माणूस कोण असतो, ते प्रथम पाहू. गावातून डेअरीला कॅन पोचवणारा दूधवाला असतो. पहाटे कामावर निघालेला मजूर असतो. शाळेतून घरी परतणारी मुलगी असते. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या कितीतरी गरजू मुलींना सायकली मिळाल्या आणि दूरच्या गावची शाळा त्यांना जवळ आली. अशा मुलीची सायकल सांजवेळी माळावर बंद पडली तर तिच्या आईच्या जिवाचे काय होत असेल? शिवाय पुणे, नाशिक अशा गावांहून आषाढीच्या आधी सायकलवरून पंढरीला येणारी मंडळी आता दरवर्षी दिसतात. त्यांची वाट आणि आपली वाट एकच.

कोणी म्हणेल, "अहो, आमची दिंडी चालली आहे, भजन चालले आहे. त्यात खंड पाडून सायकल दुरुस्त करीत बसायचे काय?" या शंकेचे उत्तर नाथमहाराजांनी आपल्या आचरणानेच दिले आहे. काशीच्या गंगेची कावड रामेश्वराला नेत असता वाटेत तहानेने तडफडणारे गाढव त्यांना दिसले आणि त्यांनी ती गंगा त्याच्या मुखी ओतली, ही कथा आपण किती कीर्तनांत ऐकली! यात्रा अपुरी राहिली असे त्यावर कोणी म्हणत नाही. उलट रामेश्वर तेथेच पावला, असेच आपण म्हणतो. गाडगेबाबांनीही (१८७६–१९५६) हातात खराटा घेऊन आधी गाव झाडले आणि मग कीर्तन केले. तेव्हा हाताला थोडे काळे लागले म्हणून भजन बाटत नाही. दोघांनी थांबावे, बाकीच्यांनी चालावे, काम झाले की पावले उचलून दिंडी गाठावी. यात शिस्तही मोडत नाही आणि माणूसही अडून राहत नाही.

मात्र दया पुरेशी नाही, हातात विद्या पाहिजे. नुसते हळहळणारे दहा जण भोवती जमले तर अडलेला माणूस आणखी संकोचतो.

चाकातील हवा

१८८८ साली बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. आपल्या मुलाच्या तीनचाकीला बसणारे हादरे कमी व्हावेत म्हणून त्याने ही खटपट केली होती. लेकराच्या मायेतून निघालेली ही युक्ती जगभर पसरली. हवेचे चाक सुखाचे खरे, पण ते काट्याला भिते. आपल्या माणदेशात आणि सोलापूरकडे बाभळीचा काटा आणि सराटा यांना तोटा नाही. सराट्याचा बारीक गोखरू तर कसाही पडला तरी एक टोक वर ठेवूनच पडतो.

जवळ काय असावे

दिंडीच्या सामानात एक लहान पिशवी ठेवावी. तिच्यात हातपंप, सोल्युशनची नळी, पाच-सात पॅच, घासपेपरचा तुकडा, व्हॉल्व्हची रबरी नळी, एक पाना, टायर काढण्याचे दोन लिव्हर आणि चिंधी असावी. लिव्हर नसतील तर स्टीलच्या चमच्याचे गुळगुळीत दांडे चालतात. धारदार स्क्रूड्रायव्हर मात्र टायरात घालू नये. एक पंक्चर काढायला जाऊन ट्यूबला दुसरे भोक पडते.

हवा गेली असता

पहिली गोष्ट, सायकल डांबरी रस्त्यावरून खाली, कडेला घ्यावी. मोटारींच्या वाटेत बसून दुरुस्ती करू नये. अंधार असेल तर एकाने येणाऱ्या वाहनांच्या बाजूला बॅटरी किंवा पांढरे उपरणे दाखवीत उभे राहावे.

दुसरी गोष्ट, लगेच टायर उसकटू नये. आधी व्हॉल्व्ह पाहावा. हवा भरून व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकीचे बोट लावावे. बुडबुडा आला तर दोष तेथेच. जुन्या धर्तीच्या सायकलीत व्हॉल्व्हच्या आत बारीक रबरी नळी असते. ती उन्हाने कुजते, फाटते. नट काढून व्हॉल्व्ह बाहेर घ्यावा, जुनी नळी काढावी, नवी नळी ओली करून चढवावी आणि पुन्हा बसवावे. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते.

तिसरी गोष्ट, व्हॉल्व्ह ठीक असेल तर पंक्चर शोधावे. सगळी हवा सोडावी. टायरची कड सर्व बाजूंनी दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलावी, म्हणजे टायर सैल होतो. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला एक लिव्हर घालावा, त्यापासून वीतभर अंतरावर दुसरा, आणि कड बाहेर काढावी. एकच बाजू काढली की ट्यूब बाहेर येते. त्यासाठी चाक खोलण्याची गरज नसते.

चौथी गोष्ट, ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती पाण्यात थोडी थोडी बुडवावी. बुडबुडे येतील तेथे भोक. माळावर पाणी नसेल तर ट्यूब गालाजवळ फिरवावी, बारीक झुळूक गालाला कळते. एक भोक सापडले म्हणून थांबू नये. सराटे दोन-तीन ठिकाणी टोचलेले असतात. दोन भोके शेजारी शेजारी असतील तर तो काटा नव्हे. कमी हवेत सायकल खड्ड्यात आपटली आणि ट्यूब रिममध्ये चिमटली, असे समजावे.

पाचवी गोष्ट, ठिगळ लावणे. जागा कोरडी करून घासपेपरने खरखरीत करावी. पॅचपेक्षा थोड्या मोठ्या जागेवर सोल्युशन पातळ पसरावे. आणि आता थांबावे! नवशिक्याची फजिती येथेच होते. ओल्या सोल्युशनवर पॅच लावला तर तो सुटतो. चार-पाच मिनिटे, ओलसर चकाकी जाईपर्यंत धीर धरावा. तेवढ्यात हरिपाठातले दोन अभंग म्हणून होतात. मग पॅच लावून अंगठ्याने मधून कडेकडे जोरात दाबावा.

सहावी गोष्ट, काटा काढणे. ज्याने भोक पाडले तो बहुधा टायरातच असतो. टायरच्या आतून बोटे अगदी हळू फिरवावीत, काटा सापडला की उपटून टाकावा. नाही तर अर्ध्या मैलावर पुन्हा तेच. संसारातही दुःखावर ठिगळ लावून काटा आत ठेवणारे आपण कमी नाही.

सातवी गोष्ट, ट्यूबमध्ये किंचित हवा ठेवून ती पीळ न पडता बसवावी. टायरची कड अंगठ्यांनी आत ढकलावी, व्हॉल्व्हजवळचा भाग शेवटी. व्हॉल्व्ह एकदा आत दाबून पाहावा, म्हणजे ट्यूब कडेखाली अडकली असेल तर सुटते. मग पूर्ण हवा भरावी.

जवळ काहीच नसेल तर? ट्यूब भोकाच्या जागी दुमडून सुताने घट्ट बांधावी आणि हवा भरावी. तेही जमले नाही तर टायरात वाळले गवत ठासून भरावे. या दोन्ही युक्त्या जवळच्या गावापर्यंत हळू नेण्यापुरत्याच. हवा नसलेल्या चाकावर बसून मात्र जाऊ नये, रिम टायर आणि ट्यूब दोन्ही कापते.

इतर अडचणी

साखळी उतरली तर सायकल स्टँडवर लावावी. मागच्या दातेरी चक्रावर साखळी नीट बसवावी, पुढच्या चक्राच्या वरच्या दातांवर जमेल तेवढी अडकवावी आणि पायडल सावकाश पुढे फिरवावे. बोटे दातांत देऊ नयेत, काडी किंवा चिंधी वापरावी. साखळी वारंवार उतरत असेल तर ती सैल आहे. मागच्या चाकाचे नट ढिले करून चाक दोन्ही बाजूंनी सारखे मागे ओढावे आणि नट पक्के आवळावे. साखळी मध्यावर साधारण अर्धा इंच हलली पाहिजे, अगदी ताणलेलीही नको.

एखादा आरा तुटला तर तो शेजारच्या आऱ्याला गुंडाळून किंवा बांधून टाकावा, म्हणजे फिरताना अडकत नाही.

ब्रेक तुटला, हँडल सैल झाले किंवा पुढचा चिमटा चिरला, तर तेथे आपली विद्या दाखवू नये. विशेषतः दिवे घाटासारखा उतार असेल तर माणसाला सायकलवर बसूच देऊ नये. पायी उतरवावे किंवा एखाद्या टेम्पोला हात करून सायकलसकट बसवून द्यावे.

माणूस पडला असेल तर

सायकल राहू द्यावी, माणूस पाहावा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक आहेत. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कपड्याने दाबून धरावे. मानेला मार लागल्याची शंका असेल आणि जागा सुरक्षित असेल तर हलवू नये. "नंतर पोलिसांचा ससेमिरा लागतो" या भीतीने पुष्कळ लोक तोंड फिरवतात. ती भीती आता धरू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४-अ घालण्यात आले. अपघातग्रस्ताला सद्बुद्धीने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्याला त्याने संरक्षण दिले आहे, आणि नाव-गाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

सेवेची रीत

आधी विचारावे, "माउली, काय झालं? काही हातभार लावू का?" होकार मिळाल्यावरच सायकलीला हात लावावा. परस्पर हिसकावून घेणे ही सेवा नव्हे. एकटी मुलगी किंवा बाई असेल तर दिंडीतल्या मावशींना पुढे करावे, पुरुषांनी चार हात दूर राहावे, तिला घरी फोन करू द्यावा आणि घरचे माणूस येईपर्यंत मावशींनी सोबत थांबावे. घोटभर पाणी आणि गुळाचा खडा आधी द्यावा. तहानलेल्याला उपदेश करू नये.

पैसे घेऊ नयेत. पण एक विवेक ठेवावा. जवळच पंक्चर काढणाऱ्याचे दुकान असेल तर सायकल ढकलत तेथे न्यावी. त्याचे पोट त्याच पंपावर चालते. आपण फुकट काम करून त्याची कमाई बुडवली तर एकाची सेवा आणि दुसऱ्याची हानी होते. अडलेल्याजवळ पैसे नसतील तर ते आपण द्यावेत. जेथे दुकान नाही, तेथे आपले हात.

आणि दुरुस्ती करताना त्याला शेजारी बसवून दाखवावे. आज त्याचे चाक चालते केले, उद्या तो दुसऱ्याचे करील.

आमची दिंडीचालकांना विनंती आहे की प्रस्थानापूर्वी एका रविवारी आपल्या गावच्या सायकलवाल्याला सन्मानाने बोलवावे, श्रीफळ द्यावे आणि दोन तरुण व दोन मावशींना त्याच्याकडून हे शिकवून घ्यावे. एका दुपारचे काम आहे. पिशवीचे वजनही विशेष नाही. वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, कारण समोरच्यात पांडुरंग आहे असे मानतो. तोच पांडुरंग कधी टाळ घेऊन भेटतो, तर कधी हवा गेलेली सायकल धरून कडेला उभा असतो. त्याला ओलांडून पुढे जाऊ नये, इतकेच सांगणे.

रामकृष्णहरि.