भरतीच्या टोकावरची गावे

वडखळहून अलिबागला जाताना धरमतरचा पूल लागतो. सकाळी जाताना खाडीच्या दोन्ही कडांना चिखल उघडा पडलेला असतो आणि दुपारी परतताना तोच चिखल पाण्याखाली दिसेनासा झालेला असतो. पाण्याच्या या चढउताराने एका अख्ख्या जिल्ह्यातील गावांच्या जागा ठरवल्या आहेत, असे म्हटले तर तुम्हाला आश्चर्य वाटेल. हा जिल्हा म्हणजे पूर्वीचा कुलाबा. १ जानेवारी १९८१ रोजी त्याचे नाव रायगड झाले.

नकाशा काय सांगतो?

जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. सह्याद्रीतून निघालेली अंबा नदी पाली, नागोठणे या गावांवरून धरमतरच्या खाडीत येते. पेणची भोगावतीही याच खाडीला मिळते. खाडीचे मुख रेवसजवळ आहे. आता दक्षिणेकडे सरका. कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंडा आहे आणि आत रोहा. सावित्रीच्या मुखाशी बाणकोट आहे आणि आत महाड. प्रत्येक नदीवर मुखाशी एक बंदर आणि बऱ्याच आत एक बाजारपेठ, अशी जोडी दिसते. ही बाजारपेठ तेवढ्याच अंतरावर का बसली?

याचे उत्तर भरतीत आहे. भरती सुमारे सहा तास चढते. खाडीत शिरणाऱ्या प्रवाहाचा वेग ताशी ४ किलोमीटर धरला, तर एका भरतीबरोबर मचवा ४ × ६ = २४ किलोमीटर आत जाईल, तोही फारसे वल्हे न मारता. पुढे पात्र उथळ होते, खडक लागतात आणि भरतीचा जोर संपतो. तेथे माल उतरवून बैलांवर किंवा गाड्यांवर लादायचा आणि घाटाकडे न्यायचा. भात, मीठ, लाकूडफाटा घेऊन मचवा ओहोटीबरोबर मुंबईकडे परतायचा. जेथे जलमार्ग संपतो व खुष्कीचा मार्ग सुरू होतो, तेथे पेठ वसते.

अशा जागी नदी अरुंद झालेली असल्यामुळे पूल बांधणेही सोपे जाते. नागोठण्याचा जुना दगडी पूल सोळाव्या शतकातला आहे. इंग्लंडमध्ये सेव्हर्न नदीवरील ग्लॉस्टर हे शहरही असेच आहे. तेथपर्यंत भरती पोहोचते आणि कित्येक शतके समुद्राकडून येताना नदीवरचा पहिला पूल तेथेच होता.

तिथीचा हिशेब

तांडेलाला भरतीची वेळ कशी कळे? कोकणात एक ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला ८ × ३/४ = ६, म्हणजे सहा वाजता.

हा ठोकताळा तपासून पाहू. एका तिथीत चंद्र सूर्यापासून १२ अंश दूर जातो. पृथ्वी स्वतःभोवती तासाला १५ अंश फिरते. म्हणून दर तिथीला भरती १२ ÷ १५ = ०.८ तास, म्हणजे ४८ मिनिटे उशिरा येते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. पंचांग हाती धरून केलेला हा हिशेब किती जवळचा आहे, पाहा!

खाडीत आत जावे तशी भरती आणखी उशिरा येते. उथळ पाण्यात लाटेचा वेग √(गुरुत्वत्वरण × खोली) इतका असतो. खोली ५ मीटर घेतली, तर √(९.८ × ५) = ७ मीटर दर सेकंदास, म्हणजे ताशी सुमारे २५ किलोमीटर. प्रत्यक्षात तळाच्या घर्षणाने त्यात फरक पडतो.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र व सूर्य यांची ओढ एका रेषेत येते आणि उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ती काटकोनात असते, तेव्हा भांगाची भरती येते. मोठ्या मचव्यांना आतल्या बंदरापर्यंत जायला उधाणाचीच वाट पाहावी लागे.

तेच पाणी, दुसरी बाजू

आज माल महामार्गाने आणि रेल्वेने जातो. तरी डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कच्चा माल बार्जमधून धरमतरलाच उतरतो. मात्र भरतीच्या टोकावर असण्याचा धोका गावांना सुटलेला नाही. डोंगरातून पुराचे पाणी खाली येते, त्याच वेळी भरती वर चढत असेल तर पाण्याला वाट मिळत नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड बुडाले. मुख्य कारण अतिवृष्टीचे होते, पण तिथी त्रयोदशी होती, म्हणजे उधाण जवळ आले होते.

पेण-अलिबागच्या खारेपाटात शेते बांधाच्या आड आहेत. बांधातील उघाडी ओहोटीला उघडते आणि पावसाचे पाणी बाहेर जाते. भरतीला ती मिटते. उधाणात बांधाला खांड पडली, तर खारे पाणी शेतात शिरते आणि भातजमीन नापीक होते. समुद्राची पातळी वाढते आहे, तेव्हा या बांधांची काळजी अधिकच घ्यावी लागेल.

करून पाहा : जवळच्या खाडीत एक खुणेची काठी काठावरून दिसेल अशी मोठ्यांकडून रोवून घ्या. पंधरा दिवस पूर्ण भरतीची वेळ व उंची वहीत लिहा, शेजारी तिथी लिहा. ४५ मिनिटे खरी की ४८, ते तुमची वहीच सांगेल.