जैवसंवेदक : रक्तातील बदलांची त्वरित वार्ता

रक्तातील साखर प्रमाणाबाहेर घटली की जागृत माणसाला घाम सुटतो, हातपाय थरथरतात आणि तो आपली व्यथा बोलून दाखवितो. शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेल्या रुग्णाच्या बाबतीत ही लक्षणे बहुतांशी झाकली जातात. मेंदूचे पोषण तर मुख्यतः याच साखरेवर, म्हणजे ग्लुकोजवर, चालते. रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत जाऊन उत्तर परत येईपर्यंत रुग्णाची स्थिती पालटलेली असू शकते. हा मधला काळ कमी करणे, हे जैवसंवेदकाचे मोठे कार्य होय.

या साधनाचा उगम शस्त्रक्रियेच्या गरजेतूनच झाला. रक्तात कृत्रिम रीतीने ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्रावर अमेरिकन शास्त्रज्ञ लेलंड क्लार्क (१९१८–२००५) काम करीत होते. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या रक्तात ऑक्सिजन किती, हे मोजणे अवघड होते. कारण प्लॅटिनमचे विद्युत् अग्र रक्तात बुडविताच त्यावर प्रथिने साचत व मापन बिघडे. क्लार्क यांनी अग्रावर पॉलिथिनचे पातळ पटल बसविले. ऑक्सिजन त्यातून आत जाई. प्रथिने व रक्तपेशी बाहेरच राहत. या रचनेचे वर्णन १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले.

ग्लुकोज मोजण्यासाठी आणखी एक युक्ती आवश्यक होती. १९६२ मध्ये क्लार्क व चॅम्प लायन्स यांनी या अग्रापुढे पटलांच्या साहाय्याने ग्लुकोज ऑक्सिडेज या एंझाइमाचा थर ठेवण्याची कल्पना मांडली. रक्तातील असंख्य पदार्थांमधून हे एंझाइम ग्लुकोज तेवढे निवडते आणि ऑक्सिजन खर्चून त्याचे रूपांतर घडविते. ऑक्सिजन जितका घटेल, तितके ग्लुकोज अधिक. अशा रीतीने एक घटक पदार्थ ओळखतो व दुसरा त्याची वार्ता विद्युत्प्रवाहाच्या रूपाने देतो. जैवसंवेदकाचे तत्त्व ते हेच.

या तत्त्वावरील ग्लुकोजमापक १९७५ मध्ये बाजारात आला. एंझाइम बदलून लॅक्टेटही मोजता येते. ऊतकांना ऑक्सिजन अपुरा पडला की रक्तातील लॅक्टेट वाढते. म्हणून मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्याकडे लक्ष ठेवावे लागते. मधुमेही रुग्णांच्या त्वचेखाली बसविता येणारे संवेदक आज दिवसरात्र मापन करीत राहतात.

तथापि या साधनांना मर्यादा आहेत. एंझाइम कालांतराने क्षीण होते. शरीर परक्या वस्तूभोवती प्रथिनांचे व पेशींचे आवरण चढविते. शिवाय त्वचेखालील संवेदक रक्तातील नव्हे, तर पेशींमधील द्रवातील ग्लुकोज मोजतो. रक्तातील बदल तेथे पोहोचण्यास काही मिनिटे लागतात. साखर वेगाने घसरत असेल, तर तेवढा विलंबही महत्त्वाचा ठरतो. म्हणून आकडा आणि रुग्णाची अवस्था यांत विसंगती दिसली, तर रक्ताची पुन्हा तपासणी करणेच इष्ट होय. संवेदक वार्ता लवकर आणतो. तिचा अर्थ लावण्याचे काम वैद्याकडेच राहते.