दहाचाकी ट्रक फडापर्यंत जाईल का?

प्रश्न : आमचा ऊस पाणंद रस्त्यावर आहे. वाटेत जुना साकव आहे. दहाचाकी ट्रक आत न्यावा का?
– एक शेतकरी, जि. कोल्हापूर

उत्तर : आधी साकव, मग बाकी सगळं. 2018च्या नियमानुसार दहाचाकी ट्रकचं मालासह एकूण वजन 28.5 टनांपर्यंत चालतं. जुना साकव तेवढं पेलेल, असं गृहीत धरू नका. ‘ट्रॅक्टर जातोय की’ हा पुरावा नव्हे. साकवाखाली उतरून पाहा: दगडांतला चुना निघालाय का, पायाजवळची माती वाहून गेलीय का? तरीही निर्णय डोळ्यांवर सोडू नका. साकव ज्यांच्या ताब्यात आहे, बहुधा जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग, त्यांच्याकडून भारक्षमता लेखी घ्या.

वळणावर मागची चाकं आतल्या बाजूला कापतात, तिथे साइडपट्टी टणक हवी. पाटाचं पाणी मुरलेली कड वरून कोरडी दिसते आणि चाकाखाली खचते. लोंबत्या तारांसाठी महावितरणला कळवा.

ट्रक जादा भरला तर किमान 20 हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार.

लेखी उत्तर येईपर्यंत ट्रक डांबरी रस्त्यावरच उभा करा आणि ऊस बैलगाडीने बाहेर काढा.