फैजपूर : खेड्यात झालेला स्वराज्याचा विचार

स्वातंत्र्य कसे मिळवावे, या प्रश्नाइतकाच स्वातंत्र्य मिळाल्यावर देशाचे रूप कसे असावे, हाही प्रश्न महत्त्वाचा होता. या दोन्ही प्रश्नांचा एकत्र विचार महाराष्ट्राच्या भूमीवर, खानदेशातील फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये झाला. भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन तेथे २७ व २८ डिसेंबर रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली भरले. ग्रामीण भागात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन म्हणून त्याची नोंद आहे.

स्थळाची निवड

१८८५ मध्ये मुंबईत पहिली बैठक झाल्यापासून काँग्रेसची अधिवेशने शहरांतून भरत आली होती. बहुसंख्य जनता मात्र खेड्यांत राहत होती. राष्ट्राच्या भवितव्याची चर्चा या जनतेच्या दारी व्हावी, असा महात्मा गांधींचा आग्रह होता. त्याच वर्षी ते स्वतः वर्ध्याजवळील सेगाव येथे राहावयास गेले होते. पुढे हेच गाव सेवाग्राम म्हणून प्रसिद्ध झाले.

खेड्यात अधिवेशन भरविणे सोपे नव्हते. पाणी, निवास, भोजन, आरोग्य आणि वाहतूक यांची सर्व व्यवस्था नव्याने उभारावी लागली. धनाजी नाना चौधरी आणि त्यांचे सहकारी या कामात अग्रभागी होते. साने गुरुजींनी खानदेशातील गावोगावी फिरून लोकांना या कार्यात सहभागी करून घेतले. अधिवेशननगरीची सजावट चित्रकार नंदलाल बोस यांच्या कल्पनेतून साकारली. त्यांनी बांबूसारखे परिसरात सहज मिळणारे साहित्य वापरले. खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शनही भरविण्यात आले. बाहेरून भपका न आणता गावाच्या साधनांतून आणि श्रमांतून मोठे कार्य उभे राहू शकते, हे यातून दिसून आले.

विचारार्थ विषय

अधिवेशनापुढे तातडीचा विषय होता तो १९३५ च्या भारत सरकार कायद्याचा. या कायद्यान्वये प्रांतिक निवडणुका लवकरच व्हावयाच्या होत्या; परंतु मताधिकार मालमत्ता, सारा, शिक्षण अशा अटींनी बांधलेला होता. अधिवेशनाला लोटलेल्या शेतकरी व मजूर स्त्रीपुरुषांपैकी बहुतेकांना मतच नव्हते. अधिवेशनाने हा कायदा अमान्य केला आणि प्रौढ मताधिकारावर निवडलेल्या संविधान सभेची मागणी केली. देशाची घटना देशाच्या लोकांनीच तयार करावी, हा या मागणीचा आशय होता.

दुसरा महत्त्वाचा ठराव शेतीविषयक कार्यक्रमाचा होता. खंड व शेतसारा यांत सूट, न परवडणाऱ्या लहान धारणांना माफी, पाटबंधाऱ्याच्या दरांत कपात, वेठबिगार व सरंजामी देण्यांचे उच्चाटन, कुळांना जमिनीवर कायम हक्क, कर्जाच्या ओझ्यातून सुटका, शेतमजुरांना पुरेशी मजुरी आणि शेतकरी संघटनांना मान्यता अशी कलमे त्यात होती. अखिल भारतीय किसान सभेचे दुसरे अधिवेशनही प्रा. एन. जी. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली त्याच सुमारास फैजपूर येथेच भरले. अशा रीतीने खेडे हे केवळ अधिवेशनाचे स्थळ न राहता चर्चेचा विषयही झाले.

ठरावानंतरची वाटचाल

या ठरावांचे पुढे काय झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. १९३७ च्या निवडणुकांनंतर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. त्याच्या कारकीर्दीत १९३९ मध्ये कूळ कायदा व शेतकरी कर्जनिवारण कायदा संमत झाले. तथापि, कूळ कायद्याचा अंमल सुरुवातीला काही जिल्ह्यांपुरताच मर्यादित राहिला, आणि मंत्रिमंडळाने तर १९३९ च्या अखेरीसच राजीनामा दिला होता. कुळांना अधिक व्यापक संरक्षण मिळण्यासाठी १९४८ चा कायदा यावा लागला. शेतमजुराच्या पदरात मात्र या कायद्यांतून फारसे काही पडले नाही.

संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी, म्हणजे फैजपूरनंतर सुमारे दहा वर्षांनी झाली. तिचे सदस्यही प्रौढ मताधिकाराने निवडलेले नव्हते. प्रांतिक विधिमंडळांतून ते अप्रत्यक्षपणे निवडले गेले. प्रौढ मताधिकार प्रत्यक्षात आला तो संविधानाने, आणि लोकांनी तो बजावला १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत. ज्यांनी फैजपूरला मंडपासाठी बांबू वाहिले, त्यांच्या हाती मतपत्रिका पडण्यास पंधरा वर्षे लागली.

आजच्या ग्रामसभेसाठी बोध

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले आहे. गावाच्या भवितव्याचा विचार करण्यासाठी आता दूरच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही. मात्र फैजपूरच्या इतिहासातील दोन गोष्टी पंचायत सदस्य, शिक्षक आणि अधिकारी यांनी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. सभेची सिद्धता करताना गावातील प्रत्येक थरातील लोकांना, विशेषतः भूमिहीनांना व स्त्रियांना, तीत स्थान मिळाले पाहिजे. तसेच संमत झालेल्या ठरावाचे पुढे काय झाले, कोणाला लाभ मिळाला आणि कोण वंचित राहिले, याचा हिशेब पुढील सभेत मांडला गेला पाहिजे. मागील ठरावांच्या अंमलबजावणीचा विषय सभेच्या कार्यसूचीत पहिल्या क्रमांकावर ठेवणे, ही त्या दिशेने सहज उचलता येईल अशी पायरी आहे.